बांध, खाचर आणि काच

गेटवरच्या वहीत चार रकाने आहेत: नाव, कुठून आलात, कोणत्या फ्लॅटमध्ये, काम. पहिल्या दिवशी सिक्युरिटीवाल्यानं मला वही दिलीच नाही. माझ्या हातातली पिशवी बघून त्यानं स्वतःच विचारलं, "कौन से फ्लैट में काम है?"

पिशवीत माझी जुनी ट्रॅक पँट आणि टॉवेल होता.

"काम नहीं, खेलने आयी हूँ," मी म्हणाले.

"क्या खेलने?"

"वाळूतला व्हॉलीबॉल."

त्याला वाळू कळेना आणि मला त्या घाईत वाळूला हिंदीत रेत म्हणतात हे आठवेना. शेवटी मीच त्याच्या हातातून पेन घेतलं आणि चौथ्या रकान्यात दोन ओळींत मावेल एवढ्या मोठ्या अक्षरात 'खेळ' असं लिहिलं. त्यानं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि दांडा वर केला.

ही सोसायटी हिंजवडीच्या मागच्या अंगाला, आमच्या गावात आहे. ती उभी आहे ती जमीन आमची. म्हणजे आमची होती. वडिलांनी आणि चुलत्यांनी मिळून ती विकली, रीतसर, सगळ्यांच्या सह्यांनी. जमीन विकलेल्या घरात रडारड असते असं लोकांना वाटतं, म्हणून मुद्दाम सांगते, आमच्या घरी तसलं काही झालं नाही. घरावर दोन मजले चढले, खोल्या भाड्यानं गेल्या आणि वडील सकाळी निवांत चहा प्यायला लागले. मला वाईट वाटायचं नाही, पण कुतूहल फार होतं. पत्र्याच्या कुंपणामागं काय काय उभं राहतंय ते दिसायचं नाही. जुन्या बांधावरचं जांभळाचं झाड मात्र बिल्डरनं ठेवलं होतं आणि त्याचा शेंडा आमच्या गच्चीतून दिसायचा. आत गेले तेव्हा आधी ते झाड शोधलं. त्याला आता गोल कट्टा होता आणि बुंध्याशी दिवे. त्याच्या समोर वाळूचं कोर्ट. झाडापासून मी मनात रेघ ओढली आणि मला हसूच आलं. कोर्टाची अलीकडची कडेची रेष बरोबर आमच्या बांधावरून जात होती. भाताचं खाचर होतं तिथं आता वाळू होती, आणि त्या वाळूत बारीक शिंपले होते. एक उचलून मी खिशात टाकला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी. कॉम., तालुक्याच्याच कॉलेजात, एकही विषय मागं न ठेवता. कॉलेजच्या संघात मी स्मॅश मारायचे. सहा जणींचा संघ, मुरमाचं मैदान, गुडघे कायम सोललेले. पुढं नोकरी लागली आणि खेळ सुटला. आता मी एका आयटी कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर आहे. दिवसभर फोनवर ड्रायव्हरांना जागा सांगायच्या: "गेट नंबर दोन! पेट्रोल पंपाच्या पुढं! कमानीखाली!" हे काम इथं सांगायचं कारण पुढं कळेल.

माझी जोडीदार मला मिळाली ती भांडणातून. ती लातूरची, त्याच कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून दाखवायच्या, त्याचाच पगार. एकदा तिची कॅब वाहतुकीत अडकली आणि तिनं मला फोनवर धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी माफी मागायला डेस्कवर आली, तर तिथं कॉलेजच्या संघाचा फोटो. त्यात मी नेटच्या वर, हात मागं ओढलेला.

"ही तू?"

"दुसरं कोण असणार?"

"आमच्या सोसायटीत वाळूचं कोर्ट आहे गं. मला जोडीदार पाहिजे."

वाळूवर दोघी विरुद्ध दोघी खेळतात. पुढच्या महिन्यात आसपासच्या सोसायट्यांच्या बायकांच्या स्पर्धा होत्या. आमच्या (आता तिच्या) सोसायटीतून दोन जोड्या जाणार होत्या. एक जोडी ठरलेली होती, दुसऱ्या टॉवरमधल्या नणंद-भावजयीची. दुसऱ्या जोडीत माझी ही लातूरकरीण आणि तिच्याबरोबर कोण, ते तिनं ठरवायचं. बाहेरची एक पाहुणी चालत होती. पण अकराव्या मजल्यावर एक उंच बाई होत्या, फ्लॅटच्या मालकीण, त्यांनाही खेळायचं होतं. कमिटीचं म्हणणं उघड होतं: घरची माणसं असताना पाहुणी कशाला? जोडीदारणीनं मात्र सांगितलं, "मला तूच पाहिजेस. पण तिसऱ्या शनिवारी दुपारपर्यंत नाव द्यायचंय. तोवर तुझा बॉल पलीकडच्या वाळूत पडायला पाहिजे."

माझ्या हातात तीन आठवडे होते आणि माझा बॉल पडत नव्हता.

आम्ही सकाळी साडेसहाला त्या नणंद-भावजयीशी खेळायचो. माळी त्याआधी दाताळं फिरवून वाळू सारखी करून जायचा. रोपं टाकायच्या आधीच्या वाफ्यासारखी ती दिसायची, पाय ठेवायला जीव होत नसे. थंडीचे दिवस, वाळू गारठलेली, पहिली दहा मिनिटं तळवे बधिर. मी कॉलेजातल्यासारखी लांबून पळत यायचे, उडायचे, आणि बॉल एकतर डोक्यामागं राहायचा नाहीतर नेटमध्ये. मुरमावर पळण्याचं उडण्यात रूपांतर व्हायचं. इथं पळणं वाळूतच जिरून जायचं. असं का होतंय, ते मला राग येण्याआधी जाणून घ्यावंसं वाटायला लागलं.

एका सकाळी वडील बघायला आले. गेटवर वहीत त्यांनी काम या रकान्यात 'बघणे' लिहिलं. कट्ट्यावर बसून ते चहाचे घोट घेत होते, पण त्यांचं लक्ष खेळाकडं नव्हतंच. खेळ थांबल्यावर चपला काढून वाळूत आले आणि वाकले.

"हितनं उडालीस. आन् पडलीस कुटं? तितं," ते म्हणाले. "तू वर गेलीसच न्हाई. नुसती फुडं गेलीस."

मी बघितलं. उडतानाचे ठसे बोटांकडून खोल, मागं वाळू फेकलेली. उतरल्याचे ठसे तिथून पुढं, पार नेटच्या खाली. मी वितीनं मोजलं. चार वीत.

"लावणीला चिखलात कशी चालायचीस गं? रिहे गावात, मावशीकडं?"

"सावकाश."

"का?"

"घाई केली की पाय रुततो."

"मंग?" एवढं म्हणून ते चपला शोधायला लागले.

तिथून मला ठशांचा नादच लागला. प्रत्येक उडीनंतर मी वाळूत ओणवी होऊन विती टाकायचे. जोडीदारीण म्हणायची, "काय हरवलंय का?" हळूहळू कळत गेलं. बॉल हवेत चढत असताना जागचं हलायचं नाही. तो वर जाऊन थबकला की मग निघायचं. पहिली पावलं सावकाश, शेवटची दोन झटपट, दोन्ही टाचा एकदम दाबायच्या आणि हात वर फेकायचे. चार वितींच्या दोन झाल्या, दोनाची एक. एका सकाळी उडायचे आणि उतरायचे ठसे एकमेकांवर पडले. ते मला इतके आवडले की मी माळ्याला म्हणाले, उद्या एवढं सोडून दाताळं फिरवा. त्यानं अर्थातच ऐकलं नाही.

दुसरी अडचण बोटांची होती. कॉलेजात मी फसवायला बोटांनी हलकेच बॉल ढकलायचे. इथं पहिल्यांदा तसं केलं तर पलीकडून नणंद ओरडली, "फाऊल! वाळूत बोटांनी ढकललेलं चालत नाही. पेरांनी मार, दारावर टकटक करतात तसं." मी घरी खोलीच्या दारावरच सराव सुरू केला. आई दोनदा येऊन दार उघडून गेली. तिसऱ्यांदा आतूनच ओरडली, "कोन हाय ते एकदा सांग तरी!"

उडी जमली, पेरं जमली. तरी बॉल पडेना. मी जोरात, नेमका, हवा तिथं मारायचे, आणि तिथं बरोबर नणंद उभी. जणू तिला आधीच कळवलेलं.

या खेळात एक पद्धत असते. मारणारीचे डोळे बॉलवर असतात, तिला पलीकडचं दिसत नाही. म्हणून बॉल उचलून देणारी जोडीदारीण देता देता पलीकडं बघते आणि ओरडून सांगते. पहिल्याच दिवशी आमचं ठरलं होतं. ती म्हणाली होती, "मी बघून सांगत जाईन, रेष की तिरकं." रेष म्हणजे माझ्यासमोरची, कडेच्या रेषेजवळची जागा. तिरकं म्हणजे पलीकडचा लांबचा कोपरा. मी म्हणाले होते, "बरं." बास, इतकंच. दोघींनाही वाटलं, यात विचारायचं काय?

ती "रेष!" ओरडायची, मी रेषेला मारायचे, नणंद रेषेवर. ती "तिरकं!" ओरडायची, मी तिरका मारायचे, नणंद कोपऱ्यात. नेहमीच असं व्हायचं असंही नाही. कधी माझाच हात चुकायचा, तर कधी नणंद ऐनवेळी जागा बदलायची. म्हणून नेमकं काय चुकतंय ते लवकर लक्षात येईना. मग एकदा माझा हात वळला आणि ती "रेष" म्हणत असताना बॉल तिरका गेला. स्वच्छ पडला. मला वाटलं नशीब. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदाही.

माझं मन असं आहे की एखादी गोष्ट टोचायला लागली की ती उपटून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बुधवारी सकाळी मी ठरवून, कुणाला न सांगता, दहा बॉल ती सांगेल त्याच्या उलट मारले. आठ पडले. मला भलताच आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या मागून लगेच एक वाईट शंका आली. हिला दिसत नाही, की हिला मी नकोच आहे? अकराव्या मजल्याचं ठरलंय आणि हिला ते माझ्या तोंडावर सांगवत नाही, असं तर नाही?

तिलाही काहीतरी कळलं होतं. दहाव्या बॉलनंतर ती नेटशी येऊन उभी राहिली. एरवी ती ऑफिसचं मराठी बोलते. चिडली की लातूर बाहेर येतं.

"मी घसा फोडून सांगायलेय, आन् तू ठरवून उलटं करायलीस!"

"उलटं केलं म्हणूनच पडला ना बॉल."

"म्हणजे मला दिसत नाही?"

"ते तू बघ."

"तुला कुणाचं ऐकायची सवयच नाही गं! ऐकू तरी येतं का?"

"बी. कॉम. आहे मी, बहिरी नाही," मी म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते. पदवीचा आणि कानांचा काय संबंध? पण तेव्हा तोंडाला तेच आलं. पलीकडं भावजय नणंदेला म्हणाली, "आपण बऱ्या." मी टॉवेल घेतला आणि निघाले.

गुरुवारी मी खेळायला गेले नाही.

त्याच दिवशी दुपारी वडिलांनी घरासमोरच्या अंगणात सिमेंटचा कोबा घातला. भाडेकरूंच्या मोटारसायकली पावसाळ्यात चिखलात आडव्या होतात म्हणून. मी ऑफिसातून लवकर आले होते आणि हातात थापी घेऊन कडा सारख्या करत होते. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला जुन्या घराची दगडी पायरी आहे, तेवढीच कोरडी होती. बाकी अंगणभर ओलं सिमेंट. संध्याकाळी फाटक वाजलं. जोडीदारीण आत आली, मान खाली घालून, बोलायचं ते मनात जुळवत. तिचा पाय पुढं पडणार एवढ्यात वडील ओट्यावरून ओरडले:

"पायरी! पायरी!"

ती विजेचा झटका बसल्यासारखी पायरीपासून उडाली, आणि थेट सिमेंटात. डावा पाय घोट्यापर्यंत.



"आवो, पायरी म्हनलो ना मी!" वडील कपाळाला हात लावून म्हणाले.

"म्हणून तर पायरी सोडली, काका!"

"सोडली? म्हंजे?"

"तुम्ही एवढ्यानं ओरडलात... मला वाटलं पायरीवर साप-बिप आहे."

"साप असता तर साप म्हनलो असतो की! पायरी म्हंजे पायरीवर या!"

मी हातात थापी धरून तशीच उभी. वडिलांच्या आणि तिच्या बोलण्यात काहीतरी होतं, ओळखीचं, अगदी जवळचं. मला ते धरायचं होतं, निसटायच्या आत.

"रेष म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"काय?" तिचा पाय अजून सिमेंटात.

"तू रेष म्हणून ओरडतेस तेव्हा मी बॉल कुठं मारायचा?"

"रेष सोडून! तिथं ती बाई उभी असते ना, म्हणून तर सांगते रेष!" आणि मग तिचंच तोंड उघडं राहिलं. "तू... रेषेला मारायचीस?"

"तू सांगितलंस म्हणून!"

मी मटकन ओट्यावर बसले. इतके दिवस ती मला प्रामाणिकपणे सांगत होती की माणूस कुठं आहे. आणि मी प्रामाणिकपणे त्या माणसाच्या हातात बॉल नेऊन देत होते.

आईनं बादली आणली. पाय धुता धुता जोडीदारणीनं सांगितलं ते मला अजून तोंडपाठ आहे. लातूरला ती ज्या गल्लीत वाढली तिथं दोन्ही बाजूंना घरं, मधे क्रिकेट. बॅटिंग करणाऱ्याला सगळी पोरं मिळून ओरडायची, "काच! काच!" म्हणजे त्या बाजूला मास्तरांच्या खिडकीची काच आहे, तिकडं सोडून मार. "गाडी!" म्हणजे गाडी सोडून. "आज्जी!" म्हणजे आज्जी बसलीय. ओरडायचं ते जपायला. आणि आमच्याकडं? खाचरात पाय रुतायला लागला की वडील ओरडायचे, "बांध!" म्हणजे बांधावर ये. पौडच्या एसटी स्टँडवर गाडीत आधी चढलेला माणूस खिडकीतून ओरडतो, "मागं! मागं!" म्हणजे मागं जागा आहे, या. आणि मी दिवसभर फोनवर तेच करते: गेट नंबर दोन म्हणजे गेट नंबर दोनला या. तिच्या कामात मात्र जागा दाखवली की तिथं बिघाड असतो.

"म्हंजे तुमच्याकडं हाक घालत्यात ती पळवून लावायला," वडील म्हणाले, "आन् आमच्याकडं बोलवायला. लई अवघड हाय."

ती हसली नाही. टॉवेलनं पाय पुसत म्हणाली, "मी काय सांगायला आले होते माहितीये? की मी तुझं नाव देत नाही. फोनवर सांगणं बरं वाटेना."

ती तोंडावर बोलली हे मला आवडलं. "मग?" मी विचारलं.

"मग काय. उद्याची सकाळ आहे. आणि शनिवारी नणंद-भावजयीशी पूर्ण डाव खेळू. मग बघू."

बोलता बोलता सिमेंट सुकत आलं होतं. वडील थापी घेऊन ठसा बुजवायला गेले आणि परत आले. म्हणाले, आता खरवडलं तर जास्त बिघडेल. तो पाय अजून आमच्या अंगणात आहे. नवे भाडेकरू त्यात अडखळतात.

शुक्रवारी वाटलं होतं, आता सोपं आहे. ती रेष म्हणेल, मी तिरकं मारेन. छे! ती "रेष!" म्हणायची, माझं डोकं म्हणायचं, रेष, म्हणजे रेष नाही, म्हणजे तिरकं, आणि तेवढ्यात बॉल खाली. मग ठरवलं, आता ती रिकामी जागा सांगेल. तर तिची जीभ वळेना. शब्दच बाटला होता. नवाच पाहिजे होता.

मी तिला जांभळाजवळ नेलं आणि दाखवलं, आमचा बांध इथून असा जायचा. तुझी ही रेष म्हणजे आमचा बांध.

"मग बांधच म्हणू की."

"आणि तिरक्याला?"

"बांधाच्या आत काय असतं?"

"खाचर."

"खाचर म्हणजे खड्डा का गं?"

"खड्डा तुमच्या गेटसमोरच्या रस्त्याला आहे. खाचर म्हणजे भाताचं शेत."

तुरीच्या आणि सोयाबीनच्या मुलखातली ती. ते दोन शब्द तिच्या तोंडात नवे कोरे होते, त्यांना कुठलीच जुनी सवय चिकटलेली नव्हती. बांध म्हणजे बांधाला मार. खाचर म्हणजे खाचरात मार. कानात शिरला की हात तिकडं जायचा, मधे विचार नाही.

तासाभरानं तिनं पाणी पिता पिता विचारलं, "एक विचारू? मी मारते तेव्हा तू मला काहीच का सांगत नाहीस?"

कॉलेजात मी मारायचे आणि बाकीच्या द्यायच्या. सांगणं दुसऱ्यांचं काम, मारणं माझं, असंच मी धरून चालले होते. तीन आठवडे ती गप्प हवेत उडत होती, आंधळी, आणि मी खाली उभी राहून तिचा बॉल पडतो का ते बघत होते. मला ऐकायची सवय नाही असा टोमणा मारला होता तिनं. खरं तर मला सांगायचीच सवय नव्हती. त्या सकाळी मी ओरडायला शिकले. माझा आवाज मला पहिल्यांदा परका वाटला. दिवसभर फोनवर ओरडणारी बाई मी, पण इथं समोरचीची उडी माझ्या एका शब्दावर होती.

शनिवारी एकवीसचा डाव झाला. वडील कट्ट्यावर, शेजारी सिक्युरिटीवाला, ड्यूटी संपवून. बघायला अकराव्या मजल्यावरच्या बाईही आल्या होत्या, हातात मोबाईल. नणंद-भावजय आपसात सारख्या भांडतात, "तुमच्या भावासारखंच करता तुम्ही, वेळेवर येतच नाही!" पण बॉल कधी सोडत नाहीत. आमचा "बांध!" "खाचर!" ऐकून त्या सुरुवातीला गोंधळल्या. अर्थ कळेपर्यंत आम्ही सहा पॉइंट पुढं. मग त्यांनीही ओळखलं. एकोणीस-एकोणीस झाले.

त्या वेळचं सगळं मला सावकाश आठवतं. पास माझा. जोडीदारणीनं उचलून दिला. मी थांबले, बॉल वर जाऊन थबकला, मी निघाले, दोन झटपट पावलं, टाचा. उडाले. आणि आवाज येईना. तिनं पलीकडं बघितलं होतं, पण भावजय ऐनवेळी नेटशी येऊन हात वर करून उडाली होती आणि नणंद मागं मधोमध. बांधही नाही, खाचरही नाही. आमच्याकडं त्याला शब्दच ठरला नव्हता. मग तिच्या पोटातून आला तो लातूरच्या गल्लीतला:

"काच!"

हवेतच मला हसू फुटलं. समोर भावजयीचे दोन पंजे, हिरव्या बांगड्या, मास्तरांच्या खिडकीसारखे. जोरात मारायचं नाही, एवढं कळलं. मी पेरांनी टकटक केली. बॉल बांगड्यांवरून हलकेच गेला आणि मागं पडला. नणंदेनं झेप घेतली ती तोंडात वाळू घेऊनच उठली.

"कसली काच?" ती थुंकत विचारायला लागली. "कुठं आहे काच? पायात जाईल की!"

आम्हाला उत्तर देता येईना इतक्या आम्ही हसत होतो. कदाचित त्यामुळेच पुढचा पॉइंट गेला. मग वीस-एकवीस, पण जिंकायला दोनाचा फरक लागतो. शेवटच्या बॉलला मी उचलून दिलं, ती उडाली, मी पलीकडं बघितलं. रेषेला कुणी नव्हतं. "बांध!" मी जीव खाऊन ओरडले. तिनं क्षणाचाही विचार न करता तिकडंच मारला, आणि बॉल रेषेबाहेर पडला. मी जाऊन मोजलं. चार बोटं.

हरलो. मी पिशवी भरायला लागले. अकराव्या मजल्यावरच्या बाई मला "छान खेळलात हं" म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पुढचं सगळं ठरलेलं होतं. जोडीदारीण जांभळाच्या कट्ट्यावर बसली आणि कमिटीचा कागद मांडीवर घेतला.

"थांब की. जायलीस कुठं?"

"हरलो ना."

"चार बोटं बाहेर गेला तो माझ्या हातानं. तू सांगितलेली जागा रिकामीच होती." तिनं पेनाचं टोपण दातांनी काढलं. "नावाचं स्पेलिंग सांग."

मी सांगितलं. तिनं लिहिलं. पुढचा रकाना आला आणि पेन थांबलं.

"फ्लॅट नंबर. आता पाहुणीचा काय लिहू? रेघ मारू?"

वडील शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. आम्हा दोघांनाही या जमिनीच्या सातबाऱ्यावरचा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो.

"गट नंबर लिही," मी म्हणाले, आणि सांगितला.

तिनं तो नीट, सुवाच्य अक्षरात लिहिला. संध्याकाळी तिला कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, तेव्हा आम्ही आमच्या ओट्यावर चहा पीत होतो. नंबर कळला, पण हा कोणत्या टॉवरमधला, असं ते विचारत होते.

"सगळ्याच टॉवरांतला," तिनं सांगितलं, आणि बशीत चहा ओतून घेतला.